डॉक्टरकीची सनद आणि सातासमुद्रापलीकडची मान्यता

आपल्या बडोद्याच्या मराठी वस्तीत निदान एकतरी मुलगा किंवा मुलगी डॉक्टर होऊन इंग्लंड-अमेरिकेला गेलेली नाही, अशी सोसायटी आज शोधावी लागेल. गणेशोत्सवात आरती झाल्यावर गप्पा रंगल्या की ‘प्लॅब झाली का?’, ‘स्टेप टू कधी देणार?’ हे प्रश्न कानावर येतातच. इथे एम.बी.बी.एस. होऊन रुग्ण तपासणाऱ्या मुलाला तिकडे पुन्हा परीक्षेला का बसवतात, असे घरातली वडीलधारी मंडळी विचारतात. त्याचे उत्तर आजच्या नियमावलीत पुरते सापडत नाही. त्यासाठी दीडशे वर्षे मागे जावे लागते. ही हकीकत आपल्याच माणसांची आहे, म्हणून यंदाच्या स्मरणिकेत ती मांडावी असे आम्हांला वाटले.

१८५८ साली ब्रिटिश पार्लमेंटने वैद्यकीय कायदा केला आणि जनरल मेडिकल कौन्सिल स्थापन झाले. त्यापूर्वी तिकडेही डॉक्टरकीचे परवाने देणाऱ्या अनेक संस्था होत्या आणि खरा डॉक्टर कोण, हे सामान्य माणसाला कळत नसे. कौन्सिलने एकच नोंदवही सुरू केली. त्या नोंदवहीत नाव असेल तोच अधिकृत डॉक्टर. १८८६ च्या कायद्याने औषधोपचार, शस्त्रक्रिया आणि प्रसूतिशास्त्र या तिन्ही विषयांत उत्तीर्ण होणे आवश्यक झाले. त्याच कायद्याने वसाहतींतल्या पदव्यांना मान्यता देण्याची वाटही मोकळी केली.

आपल्याकडे मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते. १८५१ साली बाहेर पडलेल्या त्याच्या पहिल्या तुकडीत गोव्यातील मांद्रे गावचे डॉ. भाऊ दाजी लाड होते. शिक्षण इंग्रजीतून होते आणि शिकवणारेही बरेचसे साहेबच होते. तरीही सरकारी वैद्यकीय सेवेतल्या वरच्या जागा ज्या इंडियन मेडिकल सर्व्हिसमधून भरल्या जात, तिची १८५५ पासून सुरू झालेली खुली परीक्षा लंडनलाच होत असे. मुंबईच्या पदवीधराला आधी बोटीचे भाडे जमवावे लागे. पुढे १८९२ मध्ये हिंदी विद्यापीठांच्या वैद्यकीय पदव्यांना कौन्सिलने मान्यता दिली आणि मुंबईची पदवी इंग्लंडच्या नोंदवहीत जाऊ लागली.

स्त्रियांची वाट आणखी अवघड होती. आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून एम.डी. झाल्या आणि कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात त्यांची नेमणूकही झाली. पण २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. डॉ. रखमाबाई लंडनच्या स्त्रियांसाठीच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या. मात्र लंडनची रॉयल कॉलेजे त्या काळी स्त्रियांना परीक्षेला बसू देत नव्हती. रखमाबाईंनी स्कॉटलंडच्या संस्थांची परीक्षा देऊन १८९४ मध्ये डॉक्टरकी मिळवली. पुढची त्यांची सारी सेवा आपल्या शेजारी, सुरत आणि राजकोटला झाली. शिक्षण एका शहरात आणि सनद दुसऱ्या मुलखात, हा अनुभव आजच्या मुलींना नवा वाटू नये.

पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्याची तऱ्हाही निराळी नव्हती. पणजीची वैद्यकीय शाळा १८४२ साली स्थापन झाली, म्हणजे ग्रँट मेडिकलच्याही आधी. तिथले पदवीधर आफ्रिकेतल्या पोर्तुगीज वसाहतींत डॉक्टर म्हणून चालत, परंतु खुद्द पोर्तुगालात व्यवसाय करायचा तर तिकडच्या शाळेत पुन्हा परीक्षा द्यावी लागे. ज्ञान तेच, माणूस तोच. गाव बदलले की त्याची किंमत बदलत असे.

आता मुख्य वादाकडे येऊ. पहिल्या महायुद्धानंतर कौन्सिलने हिंदी कॉलेजांतल्या प्रसूतिशास्त्राच्या शिक्षणावर बोट ठेवले. प्रत्येक विद्यार्थ्याने ठरावीक संख्येने बाळंतपणे स्वतः केली पाहिजेत, असा तिकडचा नियम होता. आपल्याकडे बाळंतपण घरीच, सुईणीच्या हातून व्हायचे; इस्पितळात बाळंतिणी येणार कुठून? उणीव खरी होती, हे मान्य केलेच पाहिजे. कौन्सिलतर्फे सर नॉर्मन वॉकर हिंदुस्थानात येऊन कॉलेजे पाहून गेले. पुढे कर्नल नीडहॅम या इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्याकडे तपासणीचे काम आले.

पण प्रश्न बाळंतपणांपुरता राहिला नाही. १९१९ च्या सुधारणांनंतर वैद्यकीय खाते प्रांतांतल्या हिंदी मंत्र्यांच्या हाती आले होते. आमच्या कॉलेजांची तपासणी लंडनच्या विश्वासातल्या माणसाने का करावी, असा सवाल उभा राहिला. १९२८ साली कलकत्त्याला इंडियन मेडिकल असोसिएशन स्थापन झाली आणि स्वदेशी डॉक्टरांना एक व्यासपीठ मिळाले. तपासणीच्या व्यवस्थेवर एकमत होईना. शेवटी १९३० मध्ये कौन्सिलने हिंदी पदव्यांची मान्यता काढून घेतली. नव्या पदवीधराला इंग्लंडच्या नोंदवहीत जागा राहिली नाही. त्याच सुमारास देशात मिठाचा सत्याग्रह सुरू होता, हे ध्यानात घेतले म्हणजे हा घाव किती झोंबला असेल याची कल्पना येते.

उत्तर म्हणून १९३३ साली इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला. आता आपल्या कॉलेजांची तपासणी आपले कौन्सिल करणार आणि इतर देशांशी मान्यतेची बोलणीही तेच करणार, असे ठरले. १९३६ च्या सुमारास इंग्लंडची मान्यता परत मिळाली. आपल्या देशाचे वैद्यकीय कौन्सिल जन्माला आले ते परदेशच्या मान्यतेच्या भांडणातून, ही गोष्ट आज फारच थोड्यांना ठाऊक असते.

या विजयाला एक काळी बाजूही होती. नव्या कौन्सिलने फक्त विद्यापीठाच्या पदवीधरांकडे पाहिले. मेडिकल स्कुलांतून बाहेर पडलेले लायसेन्शिएट डॉक्टर त्याच्या कक्षेबाहेर राहिले. जुन्या मुंबई इलाख्यात ‘एल.सी.पी.एस.’ ही अक्षरे लिहिलेल्या पाट्या कितीतरी दवाखान्यांवर असत. तालुक्याच्या गावी रात्री-अपरात्री कंदील घेऊन जाणारा डॉक्टर बहुधा हाच असे. साहेबाने आपल्याला खालच्या पंगतीला बसवले म्हणून आपण रागावलो, आणि आपल्यातल्याच काहींना आपण पंगतीबाहेर ठेवले. एकच अखिल भारतीय नोंदवही व्हायला १९५६ चा कायदा उजाडावा लागला.

५ जुलै १९४८ रोजी ब्रिटनमध्ये नॅशनल हेल्थ सर्व्हिस सुरू झाली आणि डॉक्टर कमी पडू लागले. १९४९ साली सुरू झालेले आपले बडोद्याचे मेडिकल कॉलेज याच काळातले. तेव्हा भारतीय पदवीवर थेट नोंदणी होत असे. हजारो भारतीय डॉक्टर गेले. त्यांना जागा मिळाल्या त्या बहुतेक तिकडच्या डॉक्टरांना नकोशा असलेल्या: वृद्धांचे वॉर्ड, मनोरुग्णालये, कारखान्यांची शहरे, वेल्सच्या कोळसाखाणींची खोरी. ती सेवा त्यांनी निष्ठेने केली.

१९७५ साली वारे फिरले. मेरिसन समितीच्या अहवालात परदेशी डॉक्टरांच्या दर्जाविषयी शंका घेतली गेली, भारतीय पदव्यांची सरसकट मान्यता गेली आणि परीक्षा सुरू झाली. तीच पुढे ‘प्लॅब’ म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी युरोपीय आर्थिक समुदायातल्या देशांनी एकमेकांच्या वैद्यकीय पदव्या मान्य करण्याचा निर्णय घेतला. रोमच्या डॉक्टरला वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा नाही आणि इंग्रजीतून शिकलेल्या बडोद्याच्या डॉक्टरला आहे, हा फरक केवळ गुणवत्तेचा म्हणता येत नाही. ‘गरज सरो, वैद्य मरो’ ही आपली म्हण इतक्या शब्दशः क्वचितच लागू पडली असेल.

अमेरिकेतही तेच घडले. परदेशी डॉक्टरांसाठीची परीक्षा तिथे १९५८ पासून आहे. १९६५ च्या कायद्याने स्थलांतराचे दार उघडले आणि १९७६ च्या कायद्याने डॉक्टरांपुरते ते पुन्हा किलकिले केले.

मात्र हा इतिहास सांगताना आरसाही समोर धरायला हवा. आज आपली कितीतरी मुले रशिया, चीन, फिलिपाइन्सला एम.बी.बी.एस. करायला जातात. परत आल्यावर २००२ पासून त्यांना आपल्याच देशाची चाचणी परीक्षा द्यावी लागते. ३०० प्रश्नांपैकी १५० बरोबर आले तरच पुढची वाट मोकळी होते. म्हणजे आता तपासनिसाच्या खुर्चीवर आपण आहोत. रुग्णाच्या जिवाशी गाठ असल्यामुळे परीक्षा हवीच, याविषयी आमच्या मनात शंका नाही. १९३० साली आपण मागत होतो ते एवढेच: कसोटी सर्वांना सारखी असावी, आणि ती डॉक्टरांच्या टंचाईप्रमाणे सैल-घट्ट होऊ नये. हीच अपेक्षा आज ही मुले आपल्याकडून करणार, आणि ती रास्त आहे.

२०२० पासून जुन्या कौन्सिलची जागा राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने घेतली आहे. २०२३ मध्ये जागतिक वैद्यकीय शिक्षण महासंघाने आयोगाला दहा वर्षांची मान्यता दिली. नव्वद वर्षांपूर्वीचा प्रश्न नव्या रूपात पुन्हा सुटला म्हणायचा. मुदत संपेल तेव्हा तो पुन्हा पुढे येईलच.

परदेशी निघालेल्या आमच्या मुलामुलींना एवढेच सांगावेसे वाटते, की पुन्हा परीक्षेला बसण्यात कमीपणा नाही. रखमाबाईही बसल्या होत्या. आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना एक विनंती. कपाटाच्या तळाशी जुनी सनद, नोंदणीचा दाखला, बोटीचे तिकीट किंवा इंग्लंडहून आलेली आजोबांची पत्रे असतील तर ती रद्दीत घालू नका. त्यांची एक प्रत मंडळाच्या वाचनालयात ठेवायला द्या. पुढच्या एखाद्या स्मरणिकेत या इतिहासाचा बडोद्याचा अध्याय त्यांतूनच लिहिता येईल.