लिगाडे, जयदेवीताई

लिगाडे, जयदेवीताई : (२३ जून १९१२–१९८६). सोलापूरच्या कन्नड कवयित्री, वचनसाहित्याच्या (वीरशैव संतांच्या कन्नड गद्यकाव्याच्या) अभ्यासक आणि कन्नड-मराठी अनुवादक. मंड्या येथे १९७४ साली भरलेल्या कन्नड साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष. हा मान मिळालेल्या त्या पहिल्या स्त्री.

जन्म सोलापुरात, एका वीरशैव लिंगायत कुटुंबात. माहेरचे आडनाव मडकी. वडील चनबसप्पा, आई संगव्वा. घरात कन्नड आणि शाळेत मराठी, अशी त्यांची जडणघडण झाली. सोलापुरात यात कुणालाच नवल वाटत नाही. बाळीवेशीत कानडी, पूर्व भागातल्या विणकर वस्तीत तेलुगू, विजापूर वेशीकडे उर्दू आणि या सगळ्यांना जोडणारी मराठी, असा या गावाचा भाषांचा नकाशा. एकाच दुकानात गिऱ्हाईक बदलले की दुकानदाराची भाषाही बदलते. (बोलताना सोलापूरकर ‘कानडी’ म्हणतो, पुस्तकात ‘कन्नड’ लिहितो. या नोंदीतही तसेच झाले आहे.) बोलीपासून ग्रंथापर्यंतचे अंतर मात्र ज्याचे त्याला तोडावे लागते. जयदेवीताईंनी कन्नड लिहिण्या-वाचण्याची विद्या शाळेबाहेर, स्वतःच्या हिमतीवर मिळवली. बालवयातच लग्न होऊन त्या लिगाडे घराण्यात आल्या. संसारात राहूनच त्यांचे वाचन आणि लेखन वाढले.

त्यांच्या लेखनाच्या केंद्रस्थानी सिद्धराम आहेत. सोलापूरकर त्यांना ग्रामदैवत सिद्धेश्वर म्हणून ओळखतो. संक्रांतीला भरणारी गड्ड्याची यात्रा, पांढऱ्या बाराबंदीतल्या मानकऱ्यांनी तोललेले सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा आणि कुंभारकन्येने सिद्धरामांच्या योगदंडाशी लावलेल्या लग्नाचा अक्षता सोहळा त्याच्या अंगवळणी पडलेला असतो. पण हेच सिद्धराम बाराव्या शतकातले मोठे कन्नड वचनकार आहेत, ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ या मुद्रिकेने त्यांची वचने संपतात आणि तेराव्या शतकात राघवांकाने त्यांच्यावर ‘सिद्धराम चरित्रे’ हे काव्य रचले, हे मराठी भाविकाच्या कानावर क्वचितच येते. देवळातला सिद्धेश्वर आणि ग्रंथातला सिद्धराम एकच आहेत, हे दोन्ही भाषांना सांगणे हे जयदेवीताईंचे आयुष्यभराचे काम ठरले.

‘श्री सिद्धराम पुराण’ ही त्यांची सर्वांत मोठी कन्नड रचना. राघवांक षट्पदीचा, म्हणजे सहा ओळींच्या छंदाचा, कवी, आणि त्याच्या काव्यात दरबारी पंडिताचा डौल आहे. जयदेवीताईंनी त्याच नायकासाठी त्रिपदी निवडली. तीन ओळींचा हा छंद फार जुना. बदामीच्या कप्पे अरभट्टाच्या शिलालेखात, म्हणजे इ. स. ७०० च्या आसपास, तो सापडतो. सर्वज्ञाची वचने याच छंदात आहेत. जात्यावर बसलेल्या कन्नड बायकांची गाणीही त्रिपदीतच. मराठी बाई दळताना ओवी म्हणते, कन्नड बाई त्रिपदी. खुद्द सिद्धरामांनीही ‘त्रिविधी’ नावाची स्तोत्रे या छंदात रचली. म्हणजे जयदेवीताईंनी उचललेला छंद एकाच वेळी नायकाचा आणि जात्यावरच्या बायकांचा होता. चार हजारांच्या वर त्रिपदींचे पुराण लिहिताना एकसुरीपणाचा धोका असतोच, आणि या ग्रंथातही तो अधूनमधून जाणवतो. पण पुराण हा एका बैठकीत वाचायचा प्रकार नव्हेच. रोज थोडे म्हणायचे आणि ऐकायचे. त्या मापाने छंदाची निवड अचूक आहे. ‘जयगीते’, ‘तायिय पदगळु’ आणि ‘तारक तंबूरी’ ही त्यांची इतर कन्नड पुस्तके. त्यांचे वळणही असेच गेय आणि घरगुती आहे.

मराठीत त्यांनी ‘सिद्धवाणी’, ‘बसवदर्शन’, ‘महायोगिनी’ आणि ‘सिद्धरामांची त्रिविधी’ ही पुस्तके दिली. ‘शून्यसंपादने’ हा ग्रंथही मराठीत आणला. पंधराव्या शतकात संकलित झालेल्या या ग्रंथात अल्लमप्रभू, बसवेश्वर, अक्कमहादेवी आणि इतर शरणांची (शिवभक्तांची) वचने संवादाच्या रूपात गुंफली आहेत. त्याची बांधणी जवळजवळ नाटकासारखी आहे. त्यातला एक प्रवेश तर सोलापुरातच घडतो. सिद्धराम हजारो माणसे लावून तळे खोदून घेत आहेत. तिथे अल्लमप्रभू येऊन विचारतो, तुमचा तो वड्डर कुठे आहे? गुरूला दगडफोड्या म्हटलेले ऐकून शिष्य त्याच्यावर दगड उचलून धावतात. पुढे सिद्धराम स्वतः येतात आणि देवळे-तळी बांधून पुण्य जोडणे थोर की स्वतःच्या आत पाहणे, यावर दोघांचा वाद रंगतो. ते तळे आजही शहराच्या मधोमध आहे.

असे ग्रंथ मराठीत आणताना नुसते दोन्ही भाषा येऊन भागत नाही. ‘कायक’ला ‘कष्ट’ म्हटले तर त्यातली पूजा जाते आणि ‘सेवा’ म्हटले तर घाम जातो. ‘जंगम’ म्हणजे फिरता शिवयोगी, पण मराठीत ते जातीचे नाव होऊन बसले आहे. मूळ शब्द तसाच ठेवून वाचकाला त्याची सवय लावणे हाच बहुधा खरा मार्ग. ज्याच्या घरात तो शब्द रोज वापरला जातो, त्यालाच तो धीर होतो.

जयदेवीताईंच्या सार्वजनिक जीवनाचा एक भाग मराठी वाचकाला टोचू शकतो, पण तो झाकण्याचे कारण नाही. कर्नाटक एकीकरणाच्या चळवळीत त्या होत्या आणि सोलापूर कर्नाटकात जावे, असे त्यांचे मत होते. त्या काळी ही मागणी हवेतली नव्हती. १९५० साली कन्नड साहित्य संमेलन सोलापुरातच भरले होते. अध्यक्ष होते वचनधर्माचे अभ्यासक एम. आर. श्रीनिवासमूर्ती. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत सोलापूर मुंबई राज्यात राहिले आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटचा भाग कर्नाटकाला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्याला, द्यावा, असे सुचवले. महाराष्ट्राने तो अहवाल फेटाळला. सीमेच्या वादात ज्या बाईने कन्नडची बाजू घेतली, तिनेच बसवेश्वर आणि सिद्धराम मराठीत आणण्यात वर्षे घातली. यात तिला स्वतःला काही विसंगती वाटत होती, असे तिच्या ग्रंथांवरून तरी दिसत नाही.

म्हैसूर राज्याचे ‘कर्नाटक’ असे नामांतर १ नोव्हेंबर १९७३ रोजी झाले. पुढच्याच वर्षी मंड्याला भरलेल्या अठ्ठेचाळिसाव्या संमेलनाचे अध्यक्षपद राज्याबाहेर राहिलेल्या गावातल्या, मराठी शाळेत शिकलेल्या जयदेवीताईंकडे आले. कन्नड संमेलनांची परंपरा १९१५ पासूनची. म्हणजे स्त्री अध्यक्ष लाभायला एकोणसाठ वर्षे लागली. मराठीची गत याहून बरी नाही. १८७८ साली सुरू झालेल्या मराठी संमेलनाला १९६१ मध्ये, ग्वाल्हेरला, कुसुमावती देशपांडे यांच्या रूपाने पहिल्या महिला अध्यक्ष मिळाल्या. कन्नडमध्ये जयदेवीताईंनंतर हे पद पुन्हा स्त्रीकडे आले ते २००० साली, बागलकोटला, शांतादेवी माळवाड यांच्याकडे.

उत्तरायुष्यात जयदेवीताई बिदर जिल्ह्यातील बसवकल्याणला जाऊन राहिल्या. बसवेश्वरांच्या अनुभवमंटपाचे, म्हणजे शरणांच्या चर्चासभेचे, म्हणून ओळखले जाणारे हे गाव. सिद्धरामही सोलापूर सोडून अल्लमप्रभूबरोबर याच कल्याणला गेले होते. १९८६ च्या जुलैमध्ये जयदेवीताईंचे निधन झाले.