परदेशी उपकंपन्यांतील मनुष्यबळ व्यवस्थापन

बहुराष्ट्रीय कंपनीने मूळ देशाबाहेर स्थापन केलेल्या किंवा विकत घेतलेल्या उपकंपनीत कर्मचाऱ्यांची भरती, प्रशिक्षण, वेतन, बढती आणि कामगारसंबंध यांचे जे नियोजन केले जाते, त्यास परदेशी उपकंपन्यांतील मनुष्यबळ व्यवस्थापन असे म्हणतात. आंतरराष्ट्रीय मनुष्यबळ व्यवस्थापन या अभ्यासशाखेचा हा प्रमुख विषय आहे. यंत्रे आणि हिशेबाच्या पद्धती फारसा बदल न करता एका देशातून दुसऱ्या देशात नेता येतात. माणसांना कामावर ठेवण्याच्या पद्धती मात्र त्या त्या देशाचा कायदा, कामगार संघटनांची परंपरा आणि सामाजिक समजुती यांत रुजलेल्या असतात. त्यामुळे मूळ कंपनीशी एकसूत्रता किती राखावी आणि स्थानिक परिस्थितीशी किती जुळवून घ्यावे, हा या विषयातील मध्यवर्ती प्रश्न होय.

नेमणुकीचे दृष्टिकोन

हॉवर्ड पर्लमटर यांनी १९६९ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या दृष्टिकोनाचे तीन प्रकार मांडले. पुढे त्यांत चौथ्याची भर पडली.

• स्वदेशकेंद्री : उपकंपनीतील महत्त्वाची पदे मूळ देशातील अधिकाऱ्यांकडे असतात. नियंत्रण सोपे होते, पण स्थानिक अधिकाऱ्यांच्या बढतीची वाट अडते.
• बहुकेंद्री : उपकंपनीचा कारभार यजमान देशातील व्यक्तींकडे सोपवला जातो. स्थानिक जाण वाढते, पण मुख्यालयाशी असलेला दुवा सैल होतो.
• विश्वकेंद्री : राष्ट्रीयत्व न पाहता योग्य व्यक्ती निवडली जाते. व्हिसाचे नियम आणि स्थलांतराचा खर्च या मुख्य अडचणी होत.
• प्रदेशकेंद्री : युरोप किंवा आग्नेय आशिया अशा एखाद्या प्रदेशापुरती अधिकाऱ्यांची देवाणघेवाण होते.

एकाच कंपनीत हे दृष्टिकोन एकत्र नांदू शकतात. अर्थविभाग मूळ देशातील व्यक्तीकडे आणि मनुष्यबळ विभाग स्थानिक व्यक्तीकडे अशी विभागणी पुष्कळदा आढळते, कारण कामगार कायदे आणि स्थानिक भाषा जाणल्याशिवाय मनुष्यबळ विभाग चालवणे कठीण असते.

परदेशी नियुक्ती

अँडर्स एडस्ट्रॉम आणि जे गॅलब्रेथ यांनी १९७७ मध्ये अधिकाऱ्यांना परदेशी पाठवण्याची तीन कारणे सांगितली : स्थानिक पातळीवर न मिळणारे कौशल्य पुरवणे, त्या अधिकाऱ्याचा स्वतःचा विकास साधणे आणि कंपनीच्या विविध शाखांमध्ये परस्परसंबंध निर्माण करणे. अशा अधिकाऱ्याला वेतनाशिवाय निवास, मुलांचे शिक्षण आणि प्रवासखर्च द्यावा लागतो. त्याच पदावरील स्थानिक सहकाऱ्याच्या तुलनेत हा खर्च बराच अधिक असल्याने वेतनातील तफावत असंतोषाचे कारण ठरू शकते. दोन्ही देशांत सामाजिक सुरक्षेची वर्गणी भरावी लागू नये, यासाठी देशादेशांत करार होतात. भारत आणि जपान यांच्यातील असा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून अमलात आला.

सांस्कृतिक भिन्नता

गीर्ट हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या विविध देशांतील कर्मचाऱ्यांकडून भरून घेतलेल्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्यांचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये राष्ट्रीय संस्कृतींतील भेदांची मांडणी केली. वरिष्ठ-कनिष्ठ अंतर आणि व्यक्तिवाद या त्यातील दोन कसोट्या होत. एकाच कंपनीतील नोकरदारांवरून संपूर्ण राष्ट्राविषयी निष्कर्ष काढणे योग्य नाही, असा आक्षेप या अभ्यासावर घेण्यात आला आहे.

कायदा आणि कामगारसंबंध

उपकंपनीला यजमान देशाचे कामगार कायदे लागू असतात. जर्मनीत कर्मचाऱ्यांच्या वर्तनासंबंधी नियम करताना कर्मचाऱ्यांनी निवडलेल्या कामगार परिषदेची संमती घ्यावी लागते. वॉलमार्ट या अमेरिकी कंपनीने आपली आचारसंहिता जर्मन दुकानांत लागू केली, तेव्हा २००५ मध्ये वुपरटाल येथील कामगार न्यायालयाने तिच्यातील काही तरतुदी अवैध ठरवल्या. २००६ मध्ये ही कंपनी जर्मन बाजारातून बाहेर पडली. तिच्या माघारीला तीव्र स्पर्धेसह इतरही कारणे होती.

उदाहरण : मारुती सुझुकी

मारुती उद्योग या सरकारी कंपनीने १९८२ मध्ये जपानच्या सुझुकी कंपनीशी करार केला आणि डिसेंबर १९८३ मध्ये गुडगाव येथील कारखान्यातून पहिली मोटार बाहेर पडली. अधिकारी आणि कामगार यांचा एकच गणवेश, एकच उपाहारगृह, मोकळी कार्यालये आणि सकाळचा व्यायाम या जपानी पद्धती तेथे आल्या. हुद्द्यानुसार बसण्या-जेवण्याच्या वेगळ्या व्यवस्थेची सवय असलेल्या भारतीय उद्योगात हा बदल लक्षणीय ठरला. २००२ मध्ये सुझुकीकडे बहुसंख्य भाग आले आणि मारुती तिची उपकंपनी बनली.

जपानमधील मोठ्या कंपन्यांत या पद्धतींना दीर्घकालीन नोकरीची हमी, सेवाज्येष्ठतेनुसार वेतन आणि कंपनीपुरती कामगार संघटना यांचा आधार होता. मारुतीच्या मानेसर कारखान्यात मात्र मोठ्या संख्येने कंत्राटी कामगार होते. कायम कामगारांच्या तुलनेत त्यांचे वेतन कमी होते आणि नोकरीची शाश्वती नव्हती. स्वतंत्र संघटनेला मान्यता मिळावी, या मागणीसाठी जून २०११ मध्ये तेथे संप झाला. पुढील महिन्यांत संप आणि टाळेबंदी यांची मालिका सुरू राहिली. १८ जुलै २०१२ रोजी उसळलेल्या हिंसाचारात मनुष्यबळ विभागाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. कंपनीने ५०० हून अधिक कायम कामगारांना कामावरून काढले. मार्च २०१७ मध्ये न्यायालयाने ३१ जणांना दोषी ठरवले, त्यांपैकी १३ जणांना जन्मठेप दिली आणि ११७ जणांची निर्दोष मुक्तता केली.

या घटनेची मीमांसा दोन प्रकारे केली जाते. एका मतानुसार तो प्रामुख्याने कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न होता. दुसऱ्या मतानुसार कंत्राटी पद्धत आणि संघटनेच्या मान्यतेचा चिघळलेला वाद हे त्यामागील मूळ कारण होते. घटनेनंतर मुख्य उत्पादनकामात कंत्राटी कामगार न ठेवण्याचा निर्णय कंपनीने जाहीर केला.

महत्त्व

गणवेश, उपाहारगृह किंवा आचारसंहिता यांसारख्या दृश्य पद्धती उपकंपनीत लवकर आणता येतात. त्यांना मूळ देशात आधार देणारी नोकरीची शाश्वती आणि कामगारांच्या प्रतिनिधित्वाची व्यवस्था आपोआप येत नाही. ती यजमान देशाच्या कायद्यानुसार आणि तेथील कामगारांशी वाटाघाटी करून नव्याने उभारावी लागते.