तळटीप : ‘द किलिंग झोन’

१४. मूळ लेखात ‘१९८५ची बाँड कादंबरी’ असा ओझरता उल्लेख आहे, तो जिम हॅटफील्ड या अमेरिकन लेखकाच्या ‘द किलिंग झोन’चा. अधिकृत यादीत ती शोधू नये, सापडणार नाही. १९६४मध्ये इयान फ्लेमिंग वारल्यावर बाँडकथांचे हक्क सांभाळणाऱ्या ग्लिडरोजच्या संमतीने किंग्जली एमिसने ‘कर्नल सन’ (१९६८) लिहिली आणि १९८१पासून जॉन गार्डनरने ही मालिका चालवली. गार्डनरचे बाँडपुस्तक १९८५मध्ये आले नाही. नेमक्या त्या मोकळ्या वर्षात हॅटफील्डने विनापरवाना आपले घोडे दामटले. प्रती मोजक्याच निघाल्या, म्हणून संग्राहक त्यांच्यासाठी जीव टाकतात. शिवाय शेवटी बाँड चक्क मरतो! फ्लेमिंगनेही १९५७मध्ये त्याला विषप्रयोगाने कोसळवले होते, पण पुढच्याच पुस्तकात उठवून कामाला लावले. इथे ती पळवाट नाही.

हे पुस्तक फसवणूक म्हणून निघाले की भाबड्या चाहत्याच्या हौसेपोटी, यावर वाद आहे. आमचा कल पहिल्या शक्यतेकडे. कारण हाच हॅटफील्ड १९९९मध्ये जॉर्ज डब्ल्यू. बुश यांचे चरित्र लिहून गाजला आणि त्याची जुनी गुन्हेगारी शिक्षा उजेडात येताच प्रकाशकाने ते पुस्तक बाजारातून परत मागवले. २००१मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्याकडून खुलासा मिळण्याची सोयही उरली नाही. – सं.