झाकण किती लहान?

पहिल्या नोकरीच्या इंटरव्ह्यूत मला विचारलं होतं, "मॅनहोलचं झाकण गोल का असतं?" मी मित्राकडून ऐकलेलं उत्तर ठोकून दिलं: गोल झाकण कसंही तिरकं केलं तरी आत पडत नाही. समोरचे साहेब खूश, मीही खूश. बऱ्याच वर्षांनी कळलं की ते उत्तर अर्धवट होतं. समभुज त्रिकोणाच्या एकेका कोपऱ्यावर कंपासचं टोक ठेवून उरलेले दोन कोपरे कंसानं जोडा. जो फुगीर त्रिकोण मिळतो, त्याची रुंदी कुठूनही मोजा, तेवढीच भरते. म्हणजे तसलं झाकणही आत पडणार नाही! फ्रांझ रॉयलो या जर्मन इंजिनिअरच्या नावानं हा आकार ओळखला जातो, आणि असे आकार अगणित आहेत.

या फुगीर त्रिकोणामागे वाचत गेलो आणि एका शंभर वर्षं जुन्या प्रश्नात अडकलो. गेले तीन वीकेंड त्यातच गेले.

१९१४ साली ऑंरी लबेग या फ्रेंच गणितज्ञानं ज्युला पाल याला पत्रातून एक प्रश्न विचारला. (हो, एम.एस्सी.वाल्यांना छळणारा इंटिग्रलवाला लबेग तोच.) माझ्या शब्दांत सांगतो. जमिनीवर एक डाग पडलाय. त्याचा आकार माहीत नाही. एवढंच माहीत आहे की त्यातल्या कुठल्याही दोन बिंदूंमधलं अंतर १ मीटरपेक्षा जास्त नाही. असा कुठलाही डाग झाकता येईल असं एकच झाकण बनवायचंय. ते फिरवा, उलटं करा, चालेल. फक्त ते बहिर्वक्र हवं, म्हणजे कडेला कुठे खाच नको. अशा झाकणाचं क्षेत्रफळ कमीत कमी किती?

पटकन सुचतं ते १ मीटर व्यासाचं वर्तुळ. चूक! १ मीटर बाजूचा समभुज त्रिकोण त्यात मावत नाही. त्याला जवळजवळ १.१५५ मीटर व्यास लागतो. १ मीटर बाजूचा चौरस मात्र चालतो: क्षेत्रफळ १. पालनं १९२० मध्ये दाखवलं की समोरासमोरच्या बाजूंमध्ये १ मीटर अंतर असलेला नियमित षट्कोनही पुरतो: ०.८६६.

का पुरतो ते मला फार आवडलं. आधी डाग फुगवून सगळीकडून बरोबर १ मीटर रुंद करून घ्यायचा (हे नेहमी जमतं). मग १ मीटर रुंदीच्या तीन पट्ट्या, एकमेकींशी ६० अंशांत, त्याच्यावर घट्ट बसवायच्या. पहिल्या दोन पट्ट्या जिथे छेदतात त्या चौकोनाच्या मध्यापासून तिसरी पट्टी थोडी एका बाजूला सरकलेली असेल. आता तिन्ही पट्ट्या मिळून हळूहळू फिरवत न्या. ६० अंश फिरल्यावर त्याच तीन पट्ट्या परत येतात, पण सरकण्याची दिशा उलटी होते. अधिकाचं उणं झालं म्हणजे मध्ये कुठेतरी शून्य आलंच, आणि तिथे नेमका षट्कोन बनतो. झालं!

पाल तिथे थांबला नाही. षट्कोनाच्या प्रत्येक कोपऱ्यात, आतल्या वर्तुळाला स्पर्श करणारी रेष मारून एक छोटा त्रिकोण वेगळा केला. समोरासमोरच्या अशा दोन त्रिकोणांमध्ये १ मीटर अंतर पडतं, म्हणजे डाग एकाच वेळी दोन्हींच्या आत शिरू शकत नाही. तीन जोड्यांतला एकेक कोपरा रिकामा. मग ते कसेही निवडा, रिकाम्यांपैकी दोन कोपरे एक सोडून एक असे मिळतातच. झाकण फिरवून ठरलेले दोनच कोपरे नेहमी रिकामे ठेवता येतात, तर मग ते कापूनच टाका. उरलं ०.८४५३.

कापलेले दोन त्रिकोण मिळून २०७ चौरस सेंटिमीटर, चांगले दोन हातरुमाल निघावेत एवढे नसले तरी एक पोस्टकार्ड आरामात. १९३६ मध्ये रोलंड स्प्रेगनं (निम खेळाच्या सिद्धांतात ज्याचं नाव येतं तोच) आणखी साडेअकरा चौरस सेंटिमीटर कापले, म्हणजे काडेपेटीहूनही लहान.

आणि मग गाडी अडकली. १९९२ साली एच. सी. हॅन्सननं आणखी दोन तुकडे काढले. पहिल्याचं क्षेत्रफळ म्हणजे दशांश चिन्हानंतर दहा शून्यं आणि मग ४. दुसऱ्यात सतरा शून्यं आणि मग ६. वाचून आधी हसूच आलं. पण सिद्धता ती सिद्धता, तुकडा कितीही लहान असो.

गंमत पुढे आहे. फिलिप गिब्ज नावाचे एक इंग्रज गृहस्थ, शिक्षण भौतिकशास्त्रात डॉक्टरेटचं, पण नोकरी आपल्यासारखीच सॉफ्टवेअरमध्ये. गणितज्ञ जॉन बाएझ यांचा या प्रश्नावरचा लेख त्यांच्या वाचनात आला. त्यांनी काय केलं? आपण केलं असतं तेच: टेस्ट डेटा बनवला. संगणकावर रँडम आकार तयार करून झाकणात बसवले आणि झाकणाचा कुठला भाग कधीच लागत नाही ते बघितलं. एका कडेला बरीच जागा फुकट जात होती!

पण इथे आपला धंदा आणि गणित वेगळे होतात. लाख टेस्ट पास झाल्या की आपण रिलीज करून मोकळे. इथे आकार अनंत आहेत, आणि एकच जरी बसला नाही तरी संपलं. टेस्टनी फक्त कुठे कापायचं ते दाखवलं. कापता येतं हे शाळेच्या भूमितीनं सिद्ध करावं लागलं. २०१५ मध्ये बाएझ, कॅरीन बगदासारियान आणि गिब्ज यांचा पेपर आला: ०.८४४११५३. बचत २२ चौरस मिलिमीटर, साधारण एक तूरडाळीचा दाणा. हॅन्सनच्या तुकड्यांपुढे हा दाणा म्हणजे डोंगर.

या कामात हॅन्सनची आकडेमोड पुन्हा तपासली गेली. विज्ञानकथालेखक ग्रेग ईगन यांनीही हिशेबात हात लावला. तर तो दुसरा तुकडा सांगितल्यापेक्षा सुमारे सातशे पट लहान निघाला: वीस शून्यं, मग ८४४६. एवढ्या क्षेत्रफळाच्या चौरसाची बाजू जेमतेम हायड्रोजनच्या अणूएवढी येते. वीसहून जास्त वर्षं ही चूक छापील पडून होती.

मी हे पायथनमध्ये करून पाहिलं. ०.८४४ मधून तो तुकडा वजा केला आणि उत्तर आलं... तेच ०.८४४. साध्या फ्लोटला इथे दशांशाच्या सोळाव्या स्थानापलीकडचं दिसतच नाही. हॅन्सनला दोष द्यायला मी तोंड उघडलं होतं, ते गुपचूप मिटलं :-)

२०१८ मध्ये गिब्ज यांनी एकट्यानं प्रीप्रिंट टाकला: ०.८४४०९३६. अजून एक डाळीचा दाणा.

आणि खालून? २००५ मध्ये पीटर ब्रास आणि मेहरबोद शरिफी यांनी वर्तुळ, समभुज त्रिकोण आणि नियमित पंचकोन हे तिन्ही एकाच झाकणाखाली मावायला किती जागा लागते ते संगणकानं शोधलं. झाकण ०.८३२ हून लहान असूच शकत नाही. म्हणजे खरं उत्तर उरलेल्या १२१ चौरस सेंटिमीटरमध्ये कुठेतरी आहे. जेमतेम तळहाताएवढी जागा, आणि सर्वात लहान झाकण दिसतं तरी कसं, हेच अजून कोणाला सांगता आलेलं नाही.

पुठ्ठ्याचा षट्कोन कापून टेबलावर ठेवलाय. बायको विचारतेय की हा कुठल्या डब्याचा.