भाडेकरार, लेखी : तोंडी बोलीचा पुरावा

दुकान, गाळा, गोदाम किंवा शेड भाड्याने देण्याचा करार एकदा लेखी झाला, की त्याच्या अटी सिद्ध करायला कागदच दाखवावा लागतो. त्याच्या विरुद्ध जाणारी आधीची तोंडी बोली न्यायालय ऐकत नाही. हा नियम भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम ९१ व ९२ मध्ये होता. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९४ व ९५ मध्ये आहे.

समजा, आसनगाव किंवा मुरबाडच्या बाजारातला गाळा देताना मालक म्हणाला, ‘पाच वर्षे कोणी उठवणार नाही’, आणि कागदावर मुदत पडली अकरा महिन्यांची. ती बोली चालणार नाही. पण शटरची दुरुस्ती कोणी करायची यावर कागद गप्प असेल, तर त्याबद्दलची बोली सिद्ध करता येऊ शकते. इथे दस्त किती रीतसर आहे हेही पाहिले जाते. १८७२ च्या कायद्यातले उदाहरण मासलेवाईक आहे : ‘खोल्या, महिना २०० रुपये’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी असेल तर त्यात काही जेवणही धरले होते, हे तोंडी सांगता येते, वकिलाने मुद्रांकावर केलेला वर्षाचा करार असेल तर नाही.

फसवणूक किंवा चूक झाली असेल तर तोंडी पुरावा चालतो. करार अमुक गोष्ट घडल्यावरच लागू व्हायचा होता, हेही सांगता येते. मात्र नोंदणीकृत करार नंतर तोंडी बदलला, असे म्हणता येत नाही.

गंगाबाई वि. छबुबाई (१९८१) या खटल्यात १९५३ चे खरेदीखत व त्याच दिवशीची भाडेचिठ्ठी होती. हे सगळे कर्जाच्या तारणापुरते, कागद नावालाच, असे मालकिणीचे म्हणणे. कागद अमलात आणायचाच नव्हता, हे सांगायला तोंडी पुरावा चालतो, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरवले.

अकरा महिन्यांची चाल पडली ती मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०७ मुळे : वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ जिथे लागू आहे तिथे ही पळवाट उरत नाही. कलम ५५ नुसार करार लेखी व नोंदणीकृत हवा आणि जबाबदारी मालकाची. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे धरले जाते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे, हे तालुक्याच्या ठिकाणी अजून अनेकांच्या गळी उतरलेले नाही. भाडे नियंत्रण कायदा परिशिष्टात नमूद क्षेत्रांपुरता असल्याने गावातल्या जागेसाठी आधी ते परिशिष्ट पाहावे.

शहापूर-मुरबाडसारख्या आदिवासी वस्तीच्या तालुक्यांत सातबाराही तपासावा. जमीन आदिवासी खातेदाराची असेल, तर बिगर-आदिवासीला भाडेपट्ट्याने देण्यासाठी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ नुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुदत पाच वर्षांपुढे गेली, की त्या परवानगीआधी राज्य शासनाची मान्यताही लागते.