टाकावरचं कुत्रं

आमच्या देवघरात खंडोबाचा चांदीचा टाक आहे. घासून घासून इतका झिजलाय की देवाचं नाक कुठे आणि डोळे कुठे हे आता सवयीनेच कळतं. घोड्यावर खंडोबा, सोबत म्हाळसा, हातात तलवार. आणि खाली, घोड्याच्या पायांत, एक छोटासा उंचवटा. लहानपणी मला तो दगड वाटायचा. आजीने एकदा सांगितलं, ‘‘दगड काय म्हणतेस, कुत्रं आहे ते देवाचं. त्याच्याशिवाय देव शिकारीला जात नाही.’’

गेल्या वर्षभरात हा टाक मी बऱ्याचदा हातात घेऊन पाहिला. भक्ती वाढली म्हणून नव्हे. मला कुत्रं पाळायचं होतं आणि माझ्या अटी विचित्र होत्या. पुण्यात दुसऱ्या मजल्यावर माझा वन बीएचके फ्लॅट. आठवड्याचे पाच दिवस तिथे. शनिवार-रविवार पहाटे शहराबाहेरच्या एका तबेल्यात घोडेस्वारी. कुत्र्याने फ्लॅटमध्ये शांत राहावं आणि घोड्यांत गेल्यावर जिवंत परत यावं, एवढंच.

‘जिवंत’ हा शब्द उगाच वापरलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात तबेल्यात एकांनी आपलं नवं कुत्रं आणलं. गुरं हाकणाऱ्या जातीचं, ठेंगणं, हुशार, दहा मिनिटांत सगळ्यांचं लाडकं झालेलं. रिंगणात नऊ वर्षांची एक मुलगी घोडीवर बसली होती आणि घोडीचा दोर माझ्या हातात होता. कुत्रं पट्ट्यातून निसटलं, मागून आलं आणि घोडीच्या टाचेला चावलं. लचका तोडला नाही. गाय पुढे सरकावी म्हणून चावतात, तेवढंच. घोडीने लाथ झाडली. कुत्र्याचा जबडा मोडला. मुलगी पडली, तिचं मनगट मोडलं. मी दोर धरून नुसती उभी होते. दोन सेकंदांत सगळं संपलं होतं.

नंतर चहा पिताना सगळे म्हणाले, कुत्रं वेडं होतं. मला ते पटलं नाही. कुत्रं आपलं काम चोख करत होतं. वेल्समधल्या कॉर्गीला, ऑस्ट्रेलियातल्या कॅटल डॉगला माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून हेच शिकवलंय: गुराची टाच पकड, लाथ आली की खाली दब. गाय आणि घोडा यांतला फरक त्याला कुणी सांगितला नव्हता. घोडा हा मुळात दुसऱ्यांची शिकार होत आलेला प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त ऐन पाठीमागचं आणि ऐन नाकासमोरचं सोडून. आणि कुत्रं नेमकं त्या न दिसणाऱ्या जागेत शिरलं होतं.

तेव्हापासून माझा प्रश्न बदलला. कुठली जात चांगली, हे विचारणं मी सोडलं. घोडा दिसला की हे कुत्रं आपणहून कुठे जाऊन उभं राहतं, हे विचारायला लागले. याची उत्तरं इतिहासात आहेत, कारण माणसाने ही जागा ठरवून ठरवून कुत्री घडवली आहेत.

आपल्याकडे म्हणतात ना, बैलगाडीखाली चालणाऱ्या कुत्र्याला वाटतं, गाडी आपणच ओढतोय. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये हे कुत्रं खरोखर तयार करून कामाला लावलं गेलं. ते म्हणजे डाल्मेशियन, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेलं. नाव क्रोएशियाच्या किनाऱ्यावरच्या डाल्मेशिया प्रांताचं, पण घडलं इंग्लंडात. थॉमस ब्यूइक या लाकडी ठसे कोरणाऱ्या चित्रकाराने १७९० साली चतुष्पाद प्राण्यांवर पुस्तक काढलं, त्यात या कुत्र्याचं दुसरं नाव दिलंय ‘कोच डॉग’. म्हणजे बग्गीचं कुत्रं.

त्याची जागा ठरलेली होती. बग्गीच्या पुढच्या आसाखाली, घोड्याच्या मागच्या खुरांपासून हातभर अंतरावर. तिथे राहून मैलोन्‌मैल पळायचं. खरं सांगायचं तर यात दिखावा बराच होता. ठिपक्यांचं कुत्रं बग्गीखाली पळतंय म्हणजे आत बसलेला माणूस पैसेवाला. पण मुक्कामाला गाडी थांबली की घोडे आणि सामान राखायचं कामही त्याच्याकडेच असे, आणि रात्री ते झोपायचं घोड्यांजवळच.

हार्वर्डशी संबंधित कीलर आणि ट्रिंबल या दोघांनी १९४० साली एक शोधनिबंध लिहिला. विषय काय, तर आसाखाली नेमकी कुठली जागा पकडायची ही आवड या कुत्र्यांत वंशाने उतरते का. उत्तर आलं, उतरते. काही कुत्री खुरांना चिकटून पळतात, काही मागे रेंगाळतात, आणि हा फरक नुसत्या शिकवणीचा नाही. म्हणजे तबेल्यातल्या त्या ठेंगण्या कुत्र्याच्या रक्तात टाच होती, तशी याच्या रक्तात आस.

अमेरिकेत तर घोडे जुंपलेल्या आगीच्या बंबांपुढे ही कुत्री भुंकत रस्ता मोकळा करायची. न्यू यॉर्कच्या अग्निशमन दलाने शेवटचे घोडे १९२२ साली निवृत्त केले. मोटार आली, घोडा गेला. कुत्रं तेवढं शोभेपुरतं राहिलं. पाय मात्र तेच, मैलोन्‌मैल पळणारे.

आता हे पाय फ्लॅटमध्ये आणा. लोकांनी आणलेच. डोडी स्मिथची एकशेएक डाल्मेशियनांची कादंबरी १९५६ ची, डिस्नेचं कार्टून १९६१ चं. ते १९८५ साली अमेरिकेत थिएटरांत पुन्हा लागलं आणि पुढच्या आठ वर्षांत तिथे या जातीच्या कुत्र्यांची नोंदणी सुमारे पाचपट झाली. मग तितक्याच वेगाने कोसळली. माणसं, पोरं असलेला सिनेमा १९९६ ला आला तेव्हा उतार सुरूही झाला होता.

ती लाट आमच्या बिल्डिंगपर्यंतही आली होती. मी तिसरी-चौथीत असताना खालच्या मजल्यावरच्या एका कुटुंबाने डाल्मेशियन आणला. दोन महिने आम्ही सगळी मुलं त्यांच्या दाराशी पडीक. मग तो वाढला, सोफा फाडला, आणि त्याची रवानगी बाल्कनीत झाली. चार पावलं इकडे, चार पावलं तिकडे, दिवसभर. खालून आम्ही हाका मारायचो, तो बघायचाच नाही. आम्ही त्याला ‘माजोरडा’ म्हणायचो. एक दिवस बाल्कनी रिकामी दिसली. फार्महाउसवर पाठवला, असं कळलं. कुणाचं फार्महाउस, हे कुणी विचारलं नाही.

या जातीत एका किंवा दोन्ही कानांनी जन्मतः बहिरी असलेली कुत्री इतर जातींपेक्षा बरीच जास्त असतात, हे मी मोठी झाल्यावर वाचलं. पांढरा रंग देणारी जनुकंच आतल्या कानाशी हा खेळ करतात. तो बहिरा होता की नाही, आता कळायला मार्ग नाही. पण ‘माजोरडा’ हा शब्द त्यानंतर माझ्या तोंडून कुठल्याही जनावरासाठी निघालेला नाही.

ठिपक्यांच्या हौसेने आणखी एक दुखणं पक्कं करून ठेवलं. शुद्ध जातीच्या डाल्मेशियनांत युरिक ॲसिड जास्त बनतं आणि मुतखड्याचा त्रास होतो. रॉबर्ट शायबल या संशोधकाने १९७३ साली पॉइंटर जातीशी एकच संकर करून, पुढे पुन्हा डाल्मेशियनांशीच जुळवत यावर उतारा काढला. अमेरिकन केनेल क्लबने ती पिढी रीतसर स्वीकारली २०११ साली. अडतीस वर्षं लागली, कारण प्रश्न शुद्ध रक्ताचा होता! असो.

यादीत दुसरं नाव होतं जॅक रसेल टेरियर. आकाराने फ्लॅटला शोभेल असं. डेव्हनमधले पाद्री जॉन रसेल प्रार्थनेइतकेच कोल्ह्याच्या शिकारीचे भक्त. १८१९ साली ऑक्सफर्डला शिकत असताना त्यांनी एका दूधवाल्याची ‘ट्रम्प’ नावाची पांढरी कुत्री विकत घेतली, तिच्यापासून हा वंश. याची जागा घोड्याच्या मागोमाग, आणि कोल्हा बिळात शिरला की बिळाच्या तोंडाशी. जगभरच्या तबेल्यांत ही कुत्री दिसतात, उंदीरही छान मारतात. पण बिळात शिरलेल्या कुत्र्याने भुंकलंच पाहिजे, नाहीतर वर उभ्या माणसांना ते कुठे आहे कळणार कसं? माझ्या शेजारच्या काकांना दुपारी झोप लागते. टेरियर बाद.

मग मला एरियन भेटला. शाळेच्या पुस्तकातला हा ग्रीक आठवत असेल तर अलेक्झांडरमुळे. त्याच्या स्वारीची तपशीलवार हकीगत यानेच लिहिली, ‘इंडिका’ही याचंच. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातला माणूस, रोमन सम्राट हेड्रियनचा प्रांताधिकारी. याने कुत्र्यांवरही एक छोटं पुस्तक लिहिलंय. त्याच्या आधी पाचशे वर्षं झेनोफनने शिकारी कुत्र्यांवर लिहिलं होतं, पण त्याला केल्ट लोकांची वेगवान, लांब पायांची, नजरेने पाठलाग करणारी कुत्री माहीतच नव्हती. ती उणीव एरियनने भरून काढली.

ही आजच्या ग्रेहाउंडची भावकी. यांच्याबरोबर घोड्यावरून जायचं, ससा उठला की त्याला आधी थोडं पुढे जाऊ द्यायचं, आणि एका सशावर दोनपेक्षा जास्त कुत्री सोडायची नाहीत, असं तो बजावतो. ससा निसटला तर खऱ्या शिकाऱ्याला वाईट वाटत नाही, असंही. या कुत्र्याची जागा घोड्याच्या शेजारी, थोडं अंतर राखून. नजर दूरवर. खुरांशी त्याला काही देणंघेणं नाही.

पण मी अडकले ते घरच्या भागात. एरियनची स्वतःची एक कुत्री होती, हॉर्मे. नावाचा अर्थ साधारण ‘आवेग’. तो घरी असला की ती त्याच्याजवळ. तो व्यायामशाळेत गेला की ती बरोबर, त्याचा व्यायाम होईपर्यंत बसून. परतताना पुढे पळायची आणि मधेमधे मागे वळून बघायची, हा भलत्या वाटेला तर गेला नाही ना. कुत्र्याने माणसासोबत मऊ अंथरुणात झोपावं हे उत्तम, असं एरियन लिहितो. त्याला माणसाचा लळा लागतो आणि रात्री दुखलंखुपलं तर कळतं. अंगाला मालिश करावं, घोड्याला करतात तसंच. तिचं नाव मागे राहावं म्हणून लिहून ठेवतोय, असं तो सरळ सांगतो. एकोणीसशे वर्षांपूर्वीचा अधिकारी, आणि लिहितोय आपल्या इन्स्टावरच्या कुत्रेवेड्या पोरांसारखं.

म्हणजे दिवसा घोड्यांबरोबर धावणारं आणि संध्याकाळी पायाशी मुटकुळं करून पडणारं कुत्रं अस्तित्वात होतं. ग्रेहाउंड पाळणारे आजही हेच सांगतात: एक जोरदार धाव, मग दिवसभर लोळण. दमाने पळत राहणारा डाल्मेशियन वेगळा आणि मिनिटभर सुसाट सुटून थकणारं हे कुत्रं वेगळं. फ्लॅटचा आकार मोजताना आपण कुत्र्याची उंची बघतो. बघायला हवी त्याची धाव.

आणि याच बांध्याचं कुत्रं इथे, दख्खनमध्ये, माझ्या डोळ्यांसमोर होतं. मराठवाड्यात आणि उत्तर कर्नाटकात त्याला कारवानी म्हणतात, झुपकेदार केसांचं असेल तर पश्मी. घोरपड्यांच्या मुधोळ संस्थानाने जोपासलं म्हणून मुधोळ हाउंड. २००५ साली टपाल खात्याने त्याचं तिकीटही काढलं. निमुळतं तोंड, खोल छाती, आत गेलेलं पोट. गावाकडे ससे धरायला ठेवायचे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर तो गुन्हा आहे. बग्गी गेल्यावर डाल्मेशियनचं जे झालं तेच थोडंफार याचंही झालं, फक्त याच्यावर कुणी सिनेमा काढला नाही.

दोषही आहेत. परक्या माणसाला पटकन जवळ येऊ देत नाही. पार्किंगमधली मांजर पळाली तर दोर हातातून गेलाच समजा. आणि पिल्लू आणलं तर पहिली दोन वर्षं फ्लॅटची परीक्षा. म्हणून मी पिल्लू घेतलंच नाही. चार वर्षांची, एका घराने ‘जमत नाही’ म्हणून परत केलेली कारवानी कुत्री घेतली. हॉर्मे नाव ठेवावं असं मनात होतं. आईने ते दोनदा म्हणून पाहिलं, मग सोसायटीत मोठ्याने हाक मारल्यावर लोकांना काय ऐकू येईल ते सांगितलं. आधीचं ‘राणी’च ठेवलं.

पहिल्या रविवारी रिंगणापासून तीस पावलांवर बांधून ठेवली. दुसऱ्या रविवारी पंधरा. तिसऱ्या रविवारी तीच घोडी, तोच दोर माझ्या एका हातात, दुसऱ्या हातात राणीचा पट्टा. माझा तळहात घामाने ओला. घोडीने मान खाली घातली, फुरफुरली. राणीने एकदा तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि घोडीच्या खांद्यापासून चार हात लांब जाऊन जमिनीवर बसली. मागच्या बाजूला गेलीच नाही. सईस म्हणाला, ‘‘ताई, आता श्वास सोडा.’’

मागच्या महिन्यात जेजुरीला गेले होते. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवतात. काही विधींत भुंकतात, जमिनीवर ठेवलेल्या कोटंब्यातलं खातात. माणसाने मुद्दाम मागून घेतलेली ही जागा, देवाच्या घोड्याच्या पायाशी. भंडारा अंगावर घेऊन घरी आले तर राणी माझ्या गादीवर आडवी पसरलेली. तिने एक डोळा उघडला, भंडाऱ्याचा वास घेऊन शिंकली आणि पुन्हा झोपली.

रात्री तिला खाली फिरवायला नेलं. वॉचमनकाका रोज बघतात, त्या दिवशी त्यांना राहवलं नाही.

‘‘ताई, राग मानू नका,’’ ते म्हणाले, ‘‘पण हिला खायला देत नाही का?’’