रिमोटवर उडणारे मॉडेल विमान घरातल्यांनी मिळून कसे शिकावे?

नाशिककरांना विमानाचे अप्रूप नवे नाही. ओझरचा हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना १९६४ मध्ये मिग-२१ साठी उभा राहिला, पुढे तिथेच सुखोई-३० एमकेआय तयार होऊ लागली. त्यामुळे गंगापूर रोडवरच्या एखाद्या मुलाने ‘मला विमान उडवायचंय’ असा हट्ट धरला, तर नवल नाही. रिमोटचे विमान हा त्यावरचा उपाय आहे, पण तो एकट्याने शिकण्याचा छंद नाही.

ड्रोनपेक्षा अवघड का?
चार पंख्यांचा ड्रोन रिमोटची कांडी सोडली तरी हवेत थांबतो. विमानाला थांबता येत नाही. पंखांवरून हवा वाहत राहिली तरच ते तरंगते. वेग फार कमी झाला आणि नाक वर राहिले, की उचल तुटते आणि विमान कोसळते. यालाच स्टॉल म्हणतात.

दुसरी अडचण दिशेची. विमान आपल्याकडे येत असताना त्याचे उजवे म्हणजे आपले डावे. गोंधळ झाला तर एक सोपी युक्ती आहे: जो पंख खाली झुकला असेल, त्या बाजूला कांडी न्यावी. विमान सरळ होते.

पहिले विमान कसे असावे?
फोमचे, पंख धडाच्या वर बसवलेले आणि टोकांकडे किंचित उचललेले. असे विमान बरेचसे स्वतःच सावरते. गुरुत्वमध्य साधारणपणे पंखाच्या पुढच्या कडेपासून त्याच्या रुंदीच्या पाव ते एक तृतीयांश अंतरावर ठेवतात. शेपूट जड झाले, तर विमान ताब्यात राहत नाही.

दोन रिमोट, एक विमान
शिकण्यासाठी दोन रिमोट जोडता येतात. शिकवणारा एक स्विच दाबून धरतो, तोवर विमान शिकणाऱ्याच्या हाती असते. स्विच सोडला, की ताबा परत. उंची भरपूर असताना चूक करू द्यावी आणि जमीन जवळ येण्याआधी स्विच सोडावा. बाप-लेकीची किंवा आजोबा-नातवाची जोडी इथेच जमते.

घरातली काळजी
लिथियम पॉलिमर बॅटरी पूर्ण भरल्यावर प्रत्येक सेल ४.२ व्होल्टचा असतो. फुगलेली बॅटरी वापरू नये आणि चार्जिंगला लावून बाहेर जाऊ नये, आग लागू शकते.

उडवायचे कुठे?
सोसायटीचे आवार, रस्ता किंवा धरणाचा परिसर नको. गर्दी आणि विजेच्या तारांपासून दूर मोकळे रान हवे, तेही मालकाच्या परवानगीने. ‘ड्रोन नियम, २०२१’ नुसार छंदासाठी, नजरेच्या टप्प्यात उडवलेल्या २५ किलोपर्यंतच्या मॉडेलला टाइप सर्टिफिकेट लागत नाही. मात्र लाल क्षेत्रात केंद्र सरकारच्या आणि पिवळ्या क्षेत्रात हवाई वाहतूक नियंत्रणाच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही. नाशिकमध्ये गांधीनगरला लष्कराचा विमानतळ आहे, देवळालीत तोफखान्याचे केंद्र आहे. म्हणून आधी ‘डिजिटल स्काय’चा नकाशा, नोंदणीचे नियम आणि पोलिसांचे चालू आदेश पाहावेत.

वारा शांत असतो तो हिवाळ्यातल्या सकाळी. एकाने विमानावरून नजर हलवू नये, दुसऱ्याने माणसे, जनावरे आणि पक्षी यांच्यावर लक्ष ठेवावे. पुढे मूल तरबेज झाले, की कामांची अदलाबदल होते. रिमोट त्याच्या हाती जातो, राखणीला मोठे उभे राहतात.